खाण्याचा भाग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका मासे विकणाऱ्या बाईने मला विचारलं होतं, "साफ करून देऊ का, का हाय तशी नेशील?" आणि मी म्हणालो होतो, "करा साफ."

एवढंच. बाजारात हा प्रश्न रोज विचारला जातो आणि बहुतेक माणसं हेच उत्तर देतात. पण त्या दिवशी मी गिऱ्हाईक नव्हतो. मी प्रयोगशाळेचा माणूस होतो, ती मासळी तपासणीला जायची होती, आणि साफ केल्यावर माशातून काय निघून जातं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

तो प्रश्न तिच्या तोंडात बसलेलाच होता. विळीवर एक पाय, डाव्या हातात माशाची शेपटी, नजर विळीच्या पात्यावर. प्रश्न विचारताना ती कधी वर बघायची नाही. तुम्ही "करा" म्हणेपर्यंत अर्धे खवले निघालेले असायचे. "नको" म्हणालात तर मात्र वर बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा की जणू तुम्ही तिच्या घरी येऊन पाणी न पिताच निघालात.

बोईसर स्टेशनवरून कारखान्यांकडे रिक्षाने गेला असाल, तर कुंभवलीच्या अलीकडचा तो नाका तुम्ही पाहिला असेल. शिफ्टच्या बस तिथे थांबतात, चहाच्या टपऱ्या आहेत, मोबाईलला काचा लावून देणारे आहेत, आणि रस्त्याच्या कडेला मासेवाल्या बसतात. त्यांच्यात ती शेवटची बसायची, गटाराच्या कठड्याला पाठ लावून. गुडघ्याखाली आखूड लुगडं, दातांना मिश्री, आणि केसात अबोलीचा वळेसर, तोही मासळीच्या वासाला न जुमानता रोज ताजा. नवरा होता तोवर त्यांची होडी होती. तो गेला, होडी दिरांनी ठेवून घेतली. ही भांडली नाही, रडलीही नाही. पदरी एक मुलगा होता; ती पाटी घेऊन खाडीच्या चिखलात उतरली.

चिखलात निवटी असतात. बोटाएवढा मासा, चिखलावर उड्या मारत फिरतो, चाहूल लागली की बिळात. ती बिळात हात घालून तो काढायची. मधून मधून बोय हा खाडीतला मोठा मासा मिळायचा, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे मिळायचे. समुद्राची पापलेटं विकणाऱ्या बायका तिला चिखलवाली म्हणायच्या. त्यावर तिचं म्हणणं असायचं की समुद्र काय कुणीही विकेल, चिखल विकून दाखवा.

आमची पहिली भेट खाडीवरच झाली. मी घाटावरून नोकरीसाठी आलेला पोरगा, रसायनशास्त्राची पदवी, पायात बूट. एका खासगी प्रयोगशाळेत लागलो होतो आणि कारखान्यांच्या वतीने नाल्याचं, खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं माझं काम. त्या दिवशी ओहोटी होती. चार पावलं पुढे गेलो आणि चिखलाने माझा उजवा बूट ठेवून घेतला. ती मांडीएवढ्या चिखलात उभी होती. जवळ आली, खांद्यापर्यंत हात घातला, बूट वर काढला आणि पाटीत निवट्यांवर ठेवला.

"आज मोठी गावली," म्हणाली.

मग माझ्या हातातल्या बाटल्यांकडे बघून विचारलं, हे पाणी कुणाला पाजतोस. मी सांगितलं, पाजत नाही, तपासतो. तिला हसू आवरेना. घाण आहे हे कळायला बाटली कशाला लागते, नाक नाही का तुमच्या साहेबाला. त्या दिवसापासून मी बाटलीवाला झालो. नाक्यावर भर गर्दीत ती "बाटलीवाल्या" अशी हाक मारायची आणि नवीन माणसं माझ्याकडे दारुड्याकडे बघावं तसं बघायची. माणसाला ती त्याच्या हातातल्या वस्तूवरूनच ओळखायची. शाळेचे मास्तर छत्रीवाले, बँकेतले साहेब चावीवाले. नाव विचारायची तिला गरज वाटत नसे.

मी दोन बिहारी कामगारांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचो. त्यांच्याबरोबर मासे घ्यायला आलो की ते तिला म्हणायचे, मौसी, कम कांटेवाली दो. ती तिच्या हिंदीत सांगायची, "कांटा नको तो बटाटा खाओ." मग सगळ्यात चांगली बोय काढून, तासून, धुऊन त्यांच्या हातात ठेवायची.

गिऱ्हाइकं डोकी नेत नसत. कारखान्यातल्या लोकांना खोलीवर मांस तळायचं असे, काटे काढत बसायला वेळ कुणाला. ही डोकी, शेपट्या, कडेचे काटे ती टाकून देत नसे. तिच्या गुडघ्यापाशी ॲल्युमिनियमचं एक चेपलेलं पातेलं असायचं, त्यात ते सगळं जमायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. त्याचं कालवण. मी एकदा विचारलं, सगळं चांगलं चांगलं विकता आणि डोकी खाता होय मावशी. ती म्हणाली, "गिऱ्हाईक मांस नेतं रं. चव आमी नेतो." आणि डोकं चोखायचं कसं, कल्ल्यामागचा गर कसा काढायचा, हे तिने मला तिथेच रस्त्यावर हाताने करून दाखवलं. पुढे मीही डोकी नेऊ लागलो. आपल्या पातेल्यातलं एखादं माझ्या पिशवीत टाकताना ती इकडेतिकडे बघायची, जणू चोरी करते आहे.

मग एका पावसाळ्यानंतर मासळी बिघडली.

बिघडली म्हणजे सडली नाही. निवटी आळसावली. पाऊल वाजलं की बिळात जाणारा मासा, तो तसाच पडून राहायला लागला. ती म्हणायची, पकडावी लागत नाही, उचलावी लागते, याला काय मासेमारी म्हणतात. बोयच्या पाठी वाकड्या निघू लागल्या. गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, जी लोक भांडून नेत, ती कधी मिळायचीच नाही, कधी काळपट, सुकलेली. तिने आधी गाबोळी विकणं बंद केलं. मग एक दिवस सगळ्यात वाकडी बोय पाटीत घालून ती ग्रामसभेत गेली आणि ती बोय टेबलावर, रजिस्टरच्या शेजारी ठेवली. सरपंच म्हणाले, मावशी, हे इथे कशाला. ती म्हणाली, ती पण या गावची हाय.

बाजारातल्या बायका संतापल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खाडीच्या मासळीत विष आहे असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की समुद्राचीही कुणी घेत नाही. एकीने तिच्या पाटीला लाथ मारली. ती उठली नाही. पाटी सरळ केली, सांडलेली मासळी परत गोळा केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाजार मोडंल तर मोडंल. माज्या हातानं मी कुणाला विष विकणार नाय."

आता कारखान्याचं सांगतो. कारखान्यांची ही वसाहत तारापूरची, आणि तारापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला समुद्रकाठचं अणुवीजकेंद्र आठवतं. ही हकीकत त्याची नाही. ही एका खासगी कारखान्याची आहे. तिथे बाहेरून एक जड वाळू यायची आणि तिच्यापासून फरशीला चकाकी आणणारी पांढरी पूड बनायची. त्या वाळूत मुळातच थोडं युरेनियम आणि थोरियम असतं. किरणोत्सारी धातू. पूड निघाली की ते उरलेल्या गाळात राहतात. गाळ बंद खड्ड्यात ठेवायचा हा नियम होता. पावसात खड्डा भरून नाल्यात जायचा आणि नाला खाडीत. नाल्याच्या तोंडाशी जमलेला चिखल मी एकदा पाण्याबरोबर आणला होता आणि आपण होऊन तपासला होता. त्यात ते होतं. पुष्कळ होतं. आकडा घेऊन मी आमच्या मालकांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, चिखल कुणी मागितला होता? आपल्याला पाणी तपासायला सांगितलंय. पाण्यात फारसं काही नव्हतंच. हे धातू पाण्यात फार थांबत नाहीत, चिखलाला धरून बसतात.

आणि चिखल खाणाऱ्या माशाच्या पोटात जातात. तिथून कल्ल्यांत, मूत्रपिंडात, पण सगळ्यात जास्त हाडांत. हाडाला तो धातू कॅल्शियमसारखा वाटतो, ते त्याला ठेवून घेतं. मांसात फार थोडा उतरतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुण मिळाले होते.

तिने इतका गोंधळ घातला की शेवटी कारखान्याचे मॅनेजर गावात आले. पंचायतीच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या. मॅनेजर गोड माणूस. म्हणाले, आमच्या खर्चाने मासळी तपासून घेऊ, जो निकाल येईल तो सगळ्यांनी मान्य करायचा. बायकांनी माना डोलावल्या. ती ओसरीच्या कठड्यावरून म्हणाली की मासळी माझीच न्यायची, मीच पकडून देणार. नाहीतर तुम्ही वसईवरून आणाल. लोक हसले, मॅनेजरही हसले, आणि कबूल झाले. मग तिने ओसरीच्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "आनि न्यायला ह्यो बाटलीवाला येल. ह्यो आपला हाय."

ज्या प्रयोगशाळेला काम मिळालं ती आमचीच होती.

निघताना मालकांनी मला सांगितलं, खाण्याचा भाग घेऊन ये. कागदावर तसंच लिहिलंय. तसं लिहिलेलं होतंही. मांस तपासायचं, की अख्खा मासा, की हाडं आणि आतडी वेगळी, हे काम देणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि त्याने मांस ठरवलं होतं. मी बसमध्ये थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलो आणि मनाशी ठरवलं की मासळी अख्खीच न्यायची. डोक्यासकट, पोटासकट. एकदा ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये गेली की भांडायला जागा राहील. असं ठरवलं होतं, हे मी सांगतोय. त्याला काही किंमत आहे असं मी म्हणत नाही.

ती पहाटेच्या ओहोटीला जाऊन आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पाटीत ओल्या फडक्याखाली बोय, निवटी, वर दोन चिंबोऱ्या. बाकीच्या बायका आपापली गिऱ्हाइकं सोडून बघत होत्या. तिला ते आवडत होतं. मी डबा उघडला, बर्फ नीट केला. तिने विळीवर पाय ठेवला, बोय शेपटीला धरली आणि तोच प्रश्न विचारला.

मी डब्याच्या झाकणावरचं पाणी पुसायला लागलो. त्या वेळात तिने वर बघितलं. मघाशी सांगितलं, ती वर बघत नसे. तिला वाटलं असावं मी नको म्हणणार, आणि ती म्हणाली, "लॅबातल्या पोरी नाक दाबतील रं. पावण्याकडं घाण पाठवू काय?"

"करा साफ," मी म्हणालो.

माझी बायको तेव्हा पोटुशी होती. उमरोळीला घर बघत होतो. मालकांचा सकाळीच फोन आला होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती स्वतःला इतकी वर्षं ऐकवली आहेत की ती पाठ झाली. पण त्या क्षणी मला यातलं काहीच आठवलं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की हे सोपं आहे. ती आपणहून विचारते आहे, मला नुसतं हो म्हणायचं आहे, आणि माझ्या हाताला काही लागणार नाही.

तिने त्या दिवशी मासळी साफ केली तशी कुणासाठी केली नसेल. बोयची डोकी उडवली, कल्ले ओढून काढले, पोट रिकामं केलं, पोटाच्या आतला काळा पापुद्रा बोटाने खरवडला. मधला काटा सोडवून काढला; तो ती चावीवाल्या साहेबांच्या जावयालाही काढून देत नसे. निवटी इतकी बारीक की तिच्या घरात ती पोट न काढता अख्खीच शिजायची. तीही तिने एक एक करून चिरली. चिंबोऱ्यांच्या नुसत्या पायांतलं मांस काढलं. तीन पाण्यांनी धुतली. फडक्याने टिपून माझ्या पिशव्यांत भरली आणि पिशव्या माझ्या हातात देताना म्हणाली, जा, आता कळंल त्यांना.

मग डोकी, कल्ले, काटे, निवट्यांची पोटं तिने हाताने लोटून गुडघ्याजवळच्या पातेल्यात घेतली. सगळी मासळी तपासणीला गेली होती, विकायला काही उरलं नव्हतं; विष विकणार नाही म्हणाली होती, पण स्वतः खायचं तिने सोडलं नव्हतं. ती खुशीत होती. "आज कालवण बरं व्हईल," म्हणाली.

ज्यात शोधायला हवं होतं ते तिच्या पातेल्यात गेलं. मी ते जाताना बघितलं.

निकाल लागला. मासळी खाण्यास योग्य. पुन्हा ओसरीवर खुर्च्या मांडल्या, मॅनेजरने कागद वाचला, आणि सरपंचांनी तो सगळ्यांना दिसेल असा हात वर करून धरला. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. खाण्याचा भाग, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. कुणाचा खाण्याचा, ते लिहायला रकाना नव्हता.

बायकांनी तिला सोडलं नाही. ज्या दिवसांत मासळी खपली नव्हती त्या सगळ्या दिवसांचं त्यांनी उट्टं काढलं. आता बोल, म्हणाल्या. तुझ्या हातची मासळी, तुझा आपला माणूस, आता काय म्हणतेस. मी खुर्चीवर बसलो होतो, मला चहा दिला होता.  मग ती उभी राहिली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि मॅनेजरला म्हणाली, "कागद तुमचा बरोबर असंल. माजी बोय वाकडीच हाय."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला नाक्यावर आली. जागा झाडली, पोतं पसरलं, विळी मांडली, पाटी समोर ठेवली. पाटी रिकामी. घासून पुसून स्वच्छ, पण रिकामी. कुणी थांबलं तर सांगायची, खाडीची मासळी नाही. का नाही असं विचारलं तर सगळं पहिल्यापासून सांगायची. विचारलं नाही तरी सांगायची. माझे जुने बिहारी सोबती शिफ्टवरून येताना थांबले. मौसी, आज क्या है?

"आज हवा है," ती म्हणाली. "वो भी ताजी नहीं है."

त्या दिवशी वाऱ्याबरोबर रंगांच्या कारखान्यांचा वास सबंध नाक्यावर पसरला होता. सगळे हसले, अगदी पापलेटवाल्यासुद्धा.

सकाळी ती अशी रिकामी पाटी घेऊन बसायची. दुपारनंतर माहेरच्या भावांकडून आणलेला सुका जवळा आणि बोंबील विकायची, त्यावर घर चालायचं. लोकांना वाटलं आठवडाभराचं नाटक आहे. मग सगळे कंटाळले आणि ती बसतच राहिली. पुढे कारखान्याने मासेवाल्यांना पक्का ओटा बांधून दिला. वर पत्रा, खाली फरशा, त्यांच्याच पुडीने चकाकणाऱ्या, आणि दर्शनी भागावर त्यांचं नाव. सगळ्या ओट्यावर चढल्या. ती खाली, गटाराच्या कठड्यालाच राहिली. पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसायची. मॅनेजर एकदा गाडीतून उतरून स्वतः विनवायला आले, आजी, वर बसा. तिने त्यांना विचारलं, तुम्ही मासे खाता का. ते म्हणाले, आम्ही शाकाहारी. ती म्हणाली, शहाणे आहात.

मी तो रस्ता टाळायला लागलो. पण नाका एकच, किती टाळणार. एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. नेहमीसारखी नाही, हळू. मी जवळ गेलो, उकिडवा बसलो. ती सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत होती. मला वाटलं, तिला कळलं. मला जवळजवळ बरं वाटलं.

तिला वेगळंच काहीतरी खात होतं. ती म्हणाली, "खरं सांग. मी जास्त धुतली का रं? तीन पाणी केलं. त्यात गेलं का वाहून?"

इतके दिवस ती स्वतःला दोष देत होती. गाव खोटी म्हणत होतं ते तिने अंगावर घेतलं होतं, परतवलंही होतं, पण हे तिच्या आत बसलेलं होतं, की आपल्याच हातांनी, आपल्याच टापटिपीने, आपण पुरावा धुऊन टाकला.

आणि मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "नाही मावशी. धुतल्याने काही जात नाही."

हे शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. धुतल्याने जात नाही. तिने धुतलं म्हणून गेलं नव्हतं, तिने कापून बाजूला ठेवलं म्हणून गेलं होतं, मी कापू दिलं म्हणून गेलं होतं. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं आणि मी ते गिळलं. पहिल्या वेळेला मी नुसता भित्रा होतो. या वेळेला मी खऱ्या वाक्याने तिला फसवलं. तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. मग बोंबलाची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, मग मासळीतच नसेल, चिखलातच असेल कुठेतरी, शोधा तुम्ही. मी तरी बसते.

म्हणजे तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तरीही उठली नाही. तिला कुणी पुरावा दिला नव्हता, उलट होता तोही काढून घेतला होता. ती बसली ती वाकड्या बोयच्या जोरावर. मी अनेक शिकलेली, निदर्शनं करणारी, भाषणं करणारी माणसं पाहिली आहेत. विरोधात निकाल लागल्यावर रोज सकाळी जागा झाडून पाटी मांडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. साखरेचा आजार होता, पायाला जखम झाली, पालघरच्या दवाखान्यात नेलं, तिथेच. धातूने गेली असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, कारण कुणी बघितलेलं नाही. बघितलं असतं तर माशाच्या हाडांत काही सापडलंच असतं, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. मी एवढंच सांगू शकतो की जिथे सापडण्यासारखं होतं तिथे आम्ही मुद्दाम बघितलं नाही. तेवढं मी कुणापुढेही, कुठल्याही मॅनेजरच्या तोंडावर सांगेन. ज्यांना हे वाचून माझ्यावर खटला भरायचा आहे त्यांनी भरावा. प्रयोगशाळा मी केव्हाच सोडली आहे. पालघरमध्ये शिकवण्या घेतो. गमावण्याची भीती वाटावी असं माझ्याकडे आता फारसं उरलेलं नाही.

तिच्या बाराव्यालाही मी गेलो नव्हतो. मागच्या महिन्यात नाक्यावर उतरलो. कठड्याजवळची तिची जागा मोकळी होती, तिथे कुणीतरी स्कूटर लावली होती. तिची सून ओट्यावर बसली होती, ओळखीच्या बायकांच्या रांगेत. समोर खाडीची बोय. सासू उगाच हट्टाला पेटली होती, तपासणीत सगळं नीट निघालं होतं, असं ती एका गिऱ्हाइकाला समजावून सांगत होती. सासूबद्दल बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी लाज होती. गिऱ्हाईक मांस घेऊन गेलं. सुनेने डोकी आणि काटे गोळा करून स्टीलच्या डब्यात भरले आणि झाकण लावलं. तिला दोन मुलं आहेत. मोठी मुलगी शाळेच्या गणवेशात शेजारी बसून पाय हलवत होती.

 पुढची बस आली तिच्यात चढलो.

माफी मला नको आहे, आणि ती देणारं माणूसही आता नाही. हे लिहिलं म्हणून फिटलं असंही नाही. त्या ओट्यावरच्या बायकांपैकी कुणी हे वाचणार नाही. मला तिथे जायचं आहे, दिवसाढवळ्या, बाजार भरलेला असताना, आणि तिच्या सुनेला सगळ्यांसमोर सांगायचं आहे की तुझी सासू खोटी नव्हती, तपासणी अर्ध्याच माशाची झाली होती आणि मला ते माहीत होतं, आणि मुलांना डोकी आणि काटे घालू नकोस. ते मी अजून सांगितलेलं नाही.